विहीणबाईंची सोंगटी

“हरजो बरं, आई,” चहाची कपबशी ठेवता ठेवता मयूरी आईच्या कानाशी पुटपुटली.

जयवंताबाईंनी मान डोलावली. समोर बाजारहत्नूरच्या मथुराबाई बसल्या होत्या, म्हणजे मयूरीला ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्या अमरची आई. आतल्या खोलीत मुला-मुलीचे बाप देण्याघेण्यावर आले होते. जुळलं तर आजच सुपारी फुटणार. नाही जुळलं तर मयूरी-अमरनं वर्षभर घरच्यांच्या केलेल्या विनवण्या पाण्यात.

पाहुणे येणार म्हणून ओसरीतली सोयाबीनची पोती हलवली आणि तिथंच घोटाळा झाला. फरशीवर कोरलेला अष्टा-चंगाचा पट उघडा पडला. मथुराबाई म्हणाल्या, “खेळता का?” मुलाच्या आईला अशा दिवशी नाही म्हणायची अख्ख्या जैनथ गावात कोणाची छाती नव्हती.

मयूरीच्या जन्मानंतर जयवंताबाईंनी दान टाकायच्या, एका बाजूनं घासून पांढऱ्या केलेल्या चिंचोक्यांना हात लावला नव्हता. त्यामुळे हरणं अवघड जाणार नाही, असा त्यांचा अंदाज. मथुराबाईंची सोंगटी दोनदा तावडीत आली, दोनदा त्यांनी ती दिसलीच नाही असं केलं. पण या खेळाचा कायदा असा, की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. मग काय, त्यांच्या सोंगट्या शेअर ऑटोसारख्या बाहेरच्या बाहेरच फेऱ्या मारत राहिल्या. मथुराबाईंनी मात्र सुरुवातीलाच एक मारली होती; त्यांच्या तीन घरी पोचल्या. चौथी आत वळायला एकच पाऊल उरलं.

“पोरीलेबी हेच शिकवलं काय?” मथुराबाई गालात हसल्या. “नुसतं भवताल फिराचं?”

जयवंताबाईंनी चिंचोके मुठीत घेतले आणि मूठ जरा जास्तच वेळ खुळखुळवली. चारी पांढरे पडले. चंगा! चार घरं पुढं, वर पुन्हा एक दान.

आता तीन पडले तर मथुराबाईंची चौथी मेलीच.

तीन पडले.

दुसरी सोंगटी सरकवून वेळ मारून नेता आली असती. मयूरीनं मागून पदर ओढला. जयवंताबाईंचं बोट त्या दुसऱ्या सोंगटीवर गेलंही, टेकलंही, अन् परत फिरलं.

“मारली!” जयवंताबाई ओरडल्या.

आतली बोलणी थांबली. मयूरीचे वडील लक्ष्मणराव अडकित्ता घेऊन दारात आले. एवढा आवाज आपल्या घरात आहे, हे त्यांना आजच कळत होतं. त्यांच्या मागून अमरचे वडील, सुधाकरराव, डोकावले. त्यांनी पटाबाहेर पडलेली सोंगटी पाहिली, मग बायकोचा चेहरा पाहिला, आणि चपला शोधायला लागले.

“निघाचं काय आता?” त्यांनी हळूच विचारलं.

मथुराबाई पटावरून नजर हलवेनात. मयूरीनं डोळे मिटून घेतले.

“तुमी बसा हो,” मथुराबाई नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या. फरशीवरचे चिंचोके एकेक करून वेचले आणि जयवंताबाईंच्या हातात कोंबले. “मारणाऱ्याले आणखी एक दान राह्यते. टाका. अन् मघा दोनदा सोडलं तुमी मले, पाह्यलं मी. आता सोडलं, तं सोयरीक मोडली समजा.”