आखूड नळीची

बायकोला, लोरेटाला, माती दिल्यापासून केंटकीतल्या त्या घरात वेंडल एकटाच राहत होता, आणि दिवस मावळला की घरातल्या बोळातून कुणाची तरी पावलं वाजायची. बंदूकवाल्या कर्टिसने त्याला आखूड नळीची कार्बाइन बंदूक काढून दिली. "हरणांच्या शिकारीची लांबडी रायफल राहू दे तुझ्या गाडीतच. बोळात वळवायला हीच बरी."

आठवड्याभरात वेंडल ती परत घेऊन आला.

"का रे म्हाताऱ्या, चालत नाही?"

"जरा जास्तच चालते. घरात आणली त्या दिवसापासून पावलं बंद."

"मग आणखी काय हवं तुला?"

वेंडलने टोपी काढून हातात घेतली.

"लोरेटा जन्मभर बजावायची, या घरात एक तर बंदूक राहील, नाहीतर मी."