गुलाबी कड

नखाच्या मुळाशी गुलाबी कड दिसली आणि सुनेने हात पदराखाली लपवला. गोळ्या लागू पडत होत्या.

तिच्या उजव्या हाताची तीन नखं बुरशीने पिवळी, जाड झाली होती, भुसभुशीत होऊन झडत होती. डॉक्टरांनी रक्त तपासून रोज एक गोळी सुरू केली आणि बजावलं, नखं नवी वाढून येईपर्यंत हात पाण्यात घालायचा नाही. सात माणसांची भांडी सासूबाईंकडे गेली. बाई तोंडाने फटकळ, पण डॉक्टरांचा शब्द म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेला संध्याकाळ मिळाली. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईकडे ती कापड बेतायला शिकू लागली. बाही जमली, कॉलर अजून हुलकावणी देत होती. नखं बरी झाली की हे सगळं बंद. पुन्हा मोरी, पुन्हा घासणी. नवऱ्याकडे विषय काढला तर तो म्हणायचा, तुला घरात काय कमी आहे? काय कमी आहे ते तिला कधी धड सांगता आलं नाही.

मग गोळी तोंडाऐवजी खिडकीतल्या कुंडीत जाऊ लागली. औषध मातीत पुरायचं आणि दुखणं जपायचं, याची तिला लाज वाटे. तरी ती नख पुन्हा पिवळं पडायची वाट बघत राहिली.

एका सकाळी सासूबाईंनी रोप बदलायला माती उकरली. विरघळत चाललेल्या गोळ्या तळहातावर घेऊन त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. सून भिंतीला टेकली. पळायला जागाच नव्हती.

"बरं व्हायचं नाही का तुला?"

"बरी झाले की भांडी माझ्याकडे येतील."

सासूबाईंनी दुसरा हात पुसून पुढे केला. पाचही नखं पिवळी, जाड, अंगठ्याचं तर अर्धं झडलेलं. इतकी वर्षं तो हात सुनेला वाढत होता, पण तिने तो कधी नीट पाहिला नव्हता.

"तुझा नवरा रांगत होता तेव्हापासूनची आहेत. मला वाटायचं, बाईची नखं अशीच असतात."

मग सासूबाईंनी पाकिटातली नवी गोळी काढून सुनेच्या हातावर ठेवली, ती गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत, आणि बाहेर पेपर वाचत बसलेल्या मुलाला हाक मारली.

"बाह्या वर कर आणि मोरीत ये. डॉक्टरांनी आम्हा दोघींना पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितलंय."