उसनं बाळसं

नर्सने दोघींच्या दंडातल्या नळ्या काढल्या. लग्न परवावर आलं तरी शर्वाणीच्या ब्लाउजचे हूक लागत नव्हते. आता तिची साडेतीन किलो चरबी शेजारच्या खाटेवरच्या विमलआत्याच्या अंगात गेली होती. आजारपणात आत्याची नुसती काडी झाली होती.

आत्याने आरसा मागून घेतला. गाल वर आले होते. कोपरापर्यंत घसरणाऱ्या बांगड्या मनगटावरच थांबत होत्या.

"लग्न पार पडलं की परत देते हो," ती म्हणाली, पण गालावरचा हात काही काढेना.

"परत कशाला? राहू दे तुलाच," शर्वाणी म्हणाली. "आज मामाकडे माझं केळवण आहे. पुरणपोळ्यांवर तूप जरा जास्तच घेते. उद्या पुन्हा येऊ दोघी."