लहान माशाचा नमुना

मासेवालीला कप धरवत नव्हता. तिनं दोन्ही हात लावले, तरी चहा बशीत सांडलाच. बोटांना आता काही कळतच नाही, असं म्हणून ती स्वतःच हसली. समोर बसलेल्या नमुनेवाल्याला हसता आलं नाही.

तो अन्न तपासणी खात्यातला, गेल्याच वर्षी निवृत्त झालेला. अकरा वर्षं तो दरवर्षी मासळीबाजारात तिच्या ओट्यावर यायचा, मासा पिशवीत घालून सील करायचा आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पाठवायचा. ती आजारी असल्याचं कानावर आलं, म्हणून आज विचारपूस करायला आला होता.

तिनं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ओठांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली, चालताना तोल जाऊ लागला. आता समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं दिसत नाही. साखर तपासून झाली, मानेचे फोटो काढून झाले. गोळ्या चालू आहेत, पण गुण नाही.

ही लक्षणं त्याला तोंडपाठ होती. खात्याच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी ती फळ्यावर लिहिली होती. पाऱ्याची.

मोठा मासा लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. त्याला वास नाही, चव नाही, आणि शिजवून तो जात नाही. म्हणून नियम होता, की नमुना ओट्यावरच्या सगळ्यात मोठ्या माशाचा घ्यायचा. पहिल्या वर्षी त्यानं तसाच घेतला. अहवाल वाईट आला आणि ओटा महिनाभर बंद राहिला. तिचा नवरा नुकताच गेला होता. ती रोज येऊन रिकाम्या ओट्याशी बसायची. कुणाशी भांडली नाही, कुणाला बोल लावला नाही. ते त्याला बघवलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं सगळ्यात लहान मासा उचलला, आणि मग दरवर्षी तेच केलं. त्याबद्दल तो तिला एक शब्द बोलला नाही, तिच्याकडून पाण्याचा घोटही घेतला नाही. लोक मासा खातात तो आठवड्यातून एखादवेळी, तेवढ्यानं काय होतंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. उलट, नोकरीत आपण एक तरी भलं काम केलं, असं त्याला वाटायचं.

"ताई, तुम्ही मासे किती खाता?" त्यानं विचारलं.

"रोज. मोठ्यातलं उरलंसुरलं घरीच येतं ना." ती पुढे म्हणाली, "डॉक्टरांनीही पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं. माशातून विष जातं म्हणे, रक्त तपासू या म्हणाले. मी म्हटलं, माझा मासा दरवर्षी सरकार तपासतं. तुमचे दहाच्या दहा चांगले अहवाल नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक वाचला. म्हणाले, मग मासा नाही, दुसरं काही शोधू."

त्याला गप्प बसता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. पण ती इतक्या विश्वासानं बघत होती, की त्याला ते सहन होईना. खाली मान घालून त्यानं सांगून टाकलं, की ते अहवाल लहान माशांचे होते, पहिल्या वर्षानंतर मोठा त्यानं कधी तपासू दिलाच नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला, हेच सगळं मी त्यांना सांगतो, असंही म्हणाला.

आता शिव्याशाप ऐकायचे, अशी तयारी करून तो बसला होता. पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती एकेक चेहरा आठवत असावी.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "पोटुशा बायकांना मी मोठ्यातलाच तुकडा निवडून द्यायची."