गुरुवारचा चकवा

"लोकं काय म्हणून राह्यले बा चकव्याबद्दल?" शालिग्राम गुरुजींनी खुर्चीत टेकता टेकता विचारलं.

"पुढं काय झालं म्हणून इचारते सारे," नौशाद म्हणाला. खोटं बोलताना त्याची जीभ आता अडखळत नसे.

मेहकरच्या त्याच्या छापखान्यातून निघणारं साप्ताहिक दोन वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. पण डोणगावहून दर गुरुवारी एसटीने कथेचा भाग घेऊन येणाऱ्या गुरुजींना ते सांगायचं कुणी? ऐंशीचा म्हातारा. बायको गेलेली. मुलीच्या घरात कुठल्या तरी कोपऱ्यात पडून असणार. नौशादला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून तो गुरुजींपुरता एकच अंक छापू लागला.

लष्करच्या भाकऱ्या भाजणंच ते. पहिल्या पानावरच्या कथेसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्याचा दीड दिवस जाई. आतली पानं मात्र जुनीच, तारीख तेवढी बदललेली. 'येत्या रविवारी नेत्रतपासणी शिबिर' ही बातमी दोन वर्षं झाली तरी येत्या रविवारचीच होती. गुरुजी पहिलं पान बघत आणि घडी घालून अंक पिशवीत टाकत. म्हातारा भोळा, हे नशीबच म्हणायचं.

गावाकडे चकवा म्हणजे माळावर माणसाची वाट चुकवणारं भूत. गुरुजींचा चकवा कुणाचं वाईट करत नसे. त्याला एकटं राहवत नसे, म्हणून तो वाटसरूला एकाच बाभळीभोवती फिरवत बसे आणि उजाडलं की रस्ता दाखवी.

"अन् वाटसरूले काही समजत नाही?" नौशादने विचारलं.

"समजते की एखाद्याले."

"मंग?"

"तरी फिरते." गुरुजींनी डबा उघडला. "जेवला काय तू?"

नौशाद जेवलेला नसे. त्याची बायको यास्मीन गेल्यापासून त्याचं चहा-खारीवरच भागे. डब्यात भाकरी नेमकी दोघांपुरती असे. "समता जास्त बांधते. पोरीले अंदाजच नाही," गुरुजी दर वेळी म्हणत. मग विचारत, "आसमाचा फोन येते काय?"

"येते ना. ईदले आला होता."

आसमा, त्याची मुलगी, जालन्याला असे. एरवी छापखान्याचं शटर अर्धंच वर असायचं. लग्नपत्रिकासुद्धा आता मोबाइलवर जातात. गुरुवारी मात्र नौशाद शटर पूर्ण उचलून, झाडून घेऊन बसे. जाताना तो गुरुजींना स्टँडपर्यंत सोडायलाही जाई, वाटेत कुणी भलतंच बोलून बसू नये म्हणून. गुरुजींना खरं कळलं तर ते यायचे बंद होतील, ही एकच धास्ती त्याला होती.

मग एका गुरुवारी गुरुजी आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात नौशादने अंक पिशवीत घातला आणि डोणगावची गाडी पकडली.

घरात तीन-चार पोरांचा गोंधळ चालला होता. समता हात पुसत बाहेर आली.

"तुमी नौशादभाऊ ना? बसा. बाबाचा पाय मुरगळला. आताच डोळा लागला त्याईचा."

नौशादने आवाज खाली आणला. "ताई, गुरुजीले कळू देऊ नका, पण तो पेपर..."

तिने फडताळातला गठ्ठा काढून त्याच्यापुढे ठेवला. सगळे अंक तारीखवार लावलेले होते. नौशादने वरचा उघडला. आतल्या पानावर नेत्रतपासणी शिबिराच्या बातमीभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं, आणि खाली वह्या तपासल्यासारखं 'पाहिले', सहीसकट. त्याने दुसरा उघडला. मग तिसरा. मग अगदी तळाचा, दोन वर्षांपूर्वीचा.

"म्या तवाच म्हटलं, बाबा, पेपर तं बंद झाला, आता काऊन एसटीचे धक्के खाता?" समता म्हणाली. "लिहायचा तं त्याईले कवाचाच कंटाळा आहे. म्हणे, म्या गुरुवारी नाही गेलो तं नौशाद शटर उघडणार नाही."