सोजरचं बाळसं

प्रजासत्ताकाचं दुसरं वर्ष होतं. खकनारच्या शाळेत सव्वीस जानेवारीला गुटगुटीत मुलांची निवड चालली होती. देडतलाईहून बैलगाडीनं आलेली कोकिळा तीन वर्षांच्या सोजरला पुढे करून रांगेत उभी होती. कडेवर वर्षाचा मुलगा होता, पण त्याला घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणूनच आणलेला. बक्षीस सोजरलाच मिळणार, असं सगळी आळी म्हणत होती. दोन महिन्यांत पोरीनं केवढं बाळसं धरलं होतं.

"गाल पाहा ना हिचे, बाई," कोकिळा म्हणाली.

नर्सबाईनं गाल पाहिले नाहीत. सोजरच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला. तो भरून येईना.

"हे बाळसं नाही, सूज आहे," नर्सबाई हळू आवाजात म्हणाली. "दूध-डाळीचा कस रक्तात असतो, तो पाणी शिरांत धरून ठेवतो. कस संपला की पाणी बारीक शिरांतून झिरपतं आणि मांसात साचतं. काय खाते ही?"

"भाकर. केळं. डाळीचं वरचं पाणी."

"दूध?"

कोकिळेनं मागच्या बायांकडे पाहिलं. "म्हैस आटली."

"नाही आटली," सोजर म्हणाली. "भाऊ पितो. पितो ना, माय?"

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. आई विसरली असेल, म्हणून ती आठवण करून देत होती.

कोकिळेचे कान तापले. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

"हा रडतो, बाई," ती पुटपुटली. "म्हणून याले देते. ही मागतच नाही कधी."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं.

नर्सबाईनं दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली, मुलांसाठी आणलेल्या पातेल्यातून पेलाभर दूध काढलं आणि सोजरच्या हातात दिलं.

सोजरनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि भावाच्या तोंडाकडे उचलला. कोकिळेनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तू पी."

पोरीनं एक घोट घेतला आणि थांबली. कोकिळा तिच्यासमोर मातीतच बसली.

"पी ना, बाई."

सोजरनं पेल्यात पाहिलं, मग आईकडे.

"सगळं?"