सागवानी बैलाचं शिंग

शिंग रोशनीच्या हातात आलं, तेव्हा समोर राहणाऱ्या जितूच्या ओसरीवर दुसरं कोणीच नव्हतं. तिनं जोरही लावला नव्हता; बाशिंग बांधायला नुसतं धरलं होतं. थोडा पिवळट भुगा खाली सांडला, बस्स.

बैल लाकडाचा असला तरी साधासुधा नव्हता. जितूच्या आजोबांचा, रामाजींचा, तो जीव की प्राण. त्यांच्या वडिलांनी लकडगंजाच्या लाकूडबाजारातून मुद्दाम करवून आणलेला, सागवानी, चाकांचा. वर्षातून एकदा, तान्ह्या पोळ्याला तो कपाटाबाहेर यायचा आणि महाल वस्तीतल्या त्या गल्लीतली सगळी पोरं आपापले लाकडी बैल घेऊन त्याच्यामागे निघायची. यंदा त्याची दोरी पहिल्यांदाच जितूच्या हाती येणार होती. महिनाभर पोरानं तेच बोलून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

जितू झूल आणायला आत गेला होता. रोशनीनं शिंग खोबणीत कसंबसं बसवलं, वरून बाशिंग ओढलं आणि "आई बोलावते" म्हणत धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी, ऐन तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, बैल पुसताना शिंग रामाजींच्या मांडीवर पडलं. मग काय विचारता, अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"मी नाही तोडलं, आबाजी!" जितू रडत होता. बैलाजवळ रोशनी होती, हे मात्र त्यानं तोंडातून काढलं नाही.

"खोटं बोलून राहिला?" त्याचे वडील, भैयाजी, म्हाताऱ्याच्या वरताण ओरडले. "तोडलं त तोडलं, पण कबूल कराले काय जीभ झिजते? हिंमत ठेव ना गा जराशी!"

रामाजींनी निकाल दिला. बैल कपाटात आणि पोरगा घरात.

समोरच्या दारातून रोशनी सगळं ऐकत होती. सांगावं, तर त्या घराचं दार कायमचं बंद. न सांगावं, तर जितू खिडकीचे गज धरून बसलेला समोर दिसतच होता. बाहेर पोरं बैलांना बेगड लावत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. तिला स्वतःचीच शरम वाटली.

दुपारी पोरं मैदानाकडे निघाली, तशी ती उठली आणि तडक समोर गेली. भैयाजी दारातच चपला घालत होते.

"काका, शिंग माह्या हातानं निघालं. जितूची काही गलती नाही. मले आबाजीले सांगू द्या."

भैयाजींनी मागे वळून पाहिलं. दार हळूच ओढून घेतलं. आता गालावर बसणार म्हणून रोशनीनं डोळे गच्च मिटले.

"कोणाले सांगतलं का वं?"

"नाही."

"मंग सांगू पण नको." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुह्याच्यानं नाही तुटलं ते. मी जितूएवढा होतो, तवा माह्याच हातानं तुटलं. दरसाल पोळ्याआधी चुपचाप डिंक लावून ठेवतो. यंदा राहून गेलं."

रोशनीनं डोळे उघडले. "मंग जितूले येऊ द्या ना, काका!"

आतून रामाजींनी हाक दिली, "दारात कोण आहे गा?"

"कोणी नाही, बाबा," भैयाजी म्हणाले.